जुन्या लघुकथांची नवी आवृत्ती आणि अनुस्वाराचा प्रश्न

हरि नारायण आपटे यांच्या ‘स्फुट गोष्टी’ किंवा त्या काळातील अन्य लघुकथा आज नव्याने छापावयाच्या झाल्यास संपादकापुढील पहिला प्रश्न मुखपृष्ठाचा अथवा चित्रांचा नसतो. तो शिरोरेषेवरील टिंबाचा असतो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर घातली. व्युत्पत्तीने सिद्ध, परंतु उच्चारात न उरलेले अनुस्वार या नियमांनी लेखनातून काढून टाकले. जुना निबंध त्या नियमांप्रमाणे छापल्यास फारसे बिघडत नाही. कथेचे मात्र बिघडते.

‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन. ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन, आणि आदरार्थीही. हरिभाऊंच्या काळातील विवाहित स्त्री पतीचे नाव घेत नाही. ‘ते’ एवढेच म्हणते. अशा स्त्रीच्या तोंडी ‘तें निघून गेलें’ असे वाक्य असेल तर घरातून मूल गेले. ‘ते निघून गेले’ असे असेल तर नवरा गेला. नव्या लेखनात ही दोन वाक्ये एकच होतात. तीच गत ‘जातों’ व ‘जातो’ यांची. कर्ता अध्याहृत ठेवून बोलण्याची मराठीची रीत आहे. तेथे जाणारा मी की तो, हे केवळ टिंब सांगत असे.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. जुन्या लेखनात एका घराची सप्तमी ‘घरांत’ आणि अनेक घरांचीही ‘घरांत’च; नव्या नियमाने ‘घरात’ वेगळे झाले, हा लाभच होय. शिवाय संवादातील ‘असं’, ‘केलं’ यांवरील अनुस्वार नव्या नियमांनीही राखला आहे. त्याचा अनुनासिकाशी संबंध नाही. ती लांबलेल्या अकाराची खूण आहे. संगणकावर सरसकट टिंबे पुसणाऱ्याच्या हातून ‘केलं’चे ‘केल’ होते आणि ‘त्यांनी’चे ‘त्यानी’.

माझ्या मते कथांची संहिता मूळ लेखनातच छापावी. प्रस्तावना व टीपा चालू नियमांनुसार असाव्यात. मग पृष्ठरचनाही त्यास साजेशी हवी. ‘सर्वांनीं’सारख्या शब्दात रफार, वेलांटी आणि दोन टिंबे शिरोरेषेवर दाटी करतात; ओळींमधील अंतर वाढविले नाही तर ती वरच्या ओळीतील उकारांना भिडतात. अंतर वाढले की पाने वाढतात, आणि पानांबरोबर किंमत. तो भार विद्यापीठीय आवृत्तीने सोसावा. शालेय आवृत्तीवर ती सक्ती मी करणार नाही. परंतु तेथेही संदिग्ध ‘ते’पाशी एक तळटीप हवीच.