बॅटरीचे झाकण

यमुनेच्या पूर्वेला दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकात मयूर विहार वसवले, तेव्हा विजेवरचे वाहन कुणाच्या गणतीतही नव्हते. तीन-चार मजली इमारती, वर जायला एकच जिना, खाली स्कूटर लावण्यापुरती जागा; शेजारी आणीबाणीत वसवलेल्या त्रिलोकपुरी आणि कल्याणपुरी. आज तिथे मेट्रोचे निळी आणि गुलाबी असे दोन मार्ग एकमेकांना भेटतात, आणि स्थानकाबाहेर प्रवाशाची वाट पाहत ई-रिक्षा उभ्या असतात. विजेवरच्या सायकली आणि स्कूटरही आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. अशा वाहनाची थकलेली बॅटरी घरातल्या टेबलावर उघडून पुन्हा चालती करणाऱ्याकडे लोक दोन नजरांनी पाहतात: कुणाला तो व्हिडिओ पाहून शिकलेला हौशी वाटतो, कुणाला शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणारा. माझे म्हणणे वेगळे आहे. बॅटरीची दुरुस्ती हा जुना, मानाचा धंदा होता. गेल्या पन्नास-साठ वर्षांत बॅटरीचे झाकण कारागिरासाठी हळूहळू बंद होत गेले, आणि आज घरगुती दुरुस्तीत जो धोका दिसतो त्यातला बराचसा या बंद झाकणातून आला आहे.

गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. तिचे विसाव्या शतकातले मोटारीतले रूप मुळातच उघडण्याजोगे होते. कडक रबराची पेटी, वरून डांबराचा थर, प्रत्येक सेल वेगळा आणि सेलांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरच दिसणाऱ्या. एक सेल गेला तर कारागीर डांबर तापवून मऊ करी, पट्टी कापी, प्लेटांचा जुडगा बाहेर काढी, नवा बसवी आणि पुन्हा डांबर ओती. त्याच्याकडचे खरे हत्यार मात्र हायड्रोमीटर. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असले की सेल भरलेला, १.१०च्या आसपास आले की उतरलेला. सहांपैकी पाच सेल एक आकडा दाखवतात आणि सहावा वेगळाच, तर दोष तिथे. या धंद्याचा गाभा वितळवण्यात किंवा जोडण्यात नव्हता, मोजण्यात होता. भांड्याला कल्हई करणारा जसा आधी भांडे घासून त्याचा तळ पाहतो, तसेच हे.

पुढे प्लास्टिक आले. पॉलिप्रॉपिलिनची पेटी उष्णतेने कायमची चिकटवली जाऊ लागली आणि सेलांचे जोड आतल्या भिंतींतून जाऊ लागले. बॅटरी हलकी, स्वस्त आणि अधिक टिकाऊ झाली यात शंका नाही, पण तिचा एक सेल बदलणे संपले. कारागिराच्या हाती पाणी घालायची बुचे तेवढी उरली. जर्मनीत १९५०च्या दशकात जेलची आणि अमेरिकेत १९७०च्या दशकात काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी बंदिस्त बॅटरी तयार झाली, आणि तिने ती बुचेही काढून घेतली. आता हायड्रोमीटर बुडवायला जागाच नव्हती. भारतातल्या पहिल्या पिढीच्या अनेक विजेच्या स्कूटरींत अशाच बारा व्होल्टच्या चार बंदिस्त बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत. त्या अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्या की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमत आणि मालकाला वाटे, गाडीच वाईट.

या कथेत महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. साताऱ्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट हा अभियांत्रिकीचा प्रश्न मानला. सुधारित पायडल रिक्षा, मोटरची मदत मिळणारी रिक्षा आणि पूर्णपणे बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’ अशी तीन वाहने त्यांनी तयार केली. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेखही आला. दिल्लीच्या रस्त्यांवर त्यानंतरच्या दशकात ज्या ई-रिक्षा धावू लागल्या त्या मात्र फलटणच्या नव्हत्या. त्या बहुतांशी आयात सुट्या भागांतून जोडलेल्या होत्या. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना मान्यता मिळाली. वाहनाला कायद्यात जागा मिळाली, ते चालवणाऱ्याला परवाना मिळाला. त्यातली बॅटरी दुरुस्त करणाऱ्याचे नाव कुठेच आले नाही.

लिथियमने झाकण पुरते बंद केले. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या या रसायनाचे १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे सेल विजेच्या सायकलीच्या पॅकमध्ये डझनांनी असतात. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या पॅकमध्ये त्यांचे १३ गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक गट भरल्यावर ४.२ व्होल्टवर, म्हणजे पूर्ण पॅक ५४.६ व्होल्टवर पोचतो. तेरांपैकी एक गट कमजोर झाला की संरक्षक सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, संपूर्ण पॅक बंद करते. बारा गट धडधाकट असताना बॅटरी ‘मेली’ असे ठरते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: झिजलेला लिथियम सेल कुणीही पुन्हा तरुण करू शकत नाही. ‘पुनरुज्जीवन’ होते ते पॅकचे. गटागटाचा व्होल्टेज, अंतर्गत रोध आणि खरी क्षमता मोजायची, दोषी गट काढायचा, जोडीला शोभणारे सेल बसवून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडायची. म्हणजे पुन्हा तोच जुना धंदा: मोजणे आणि एक सेल बदलणे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आगीचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसे गेली. त्याच वर्षी त्या शहराने जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल वापरून बॅटरी जोडण्यावर बंदी घातली. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेल्या सेलात तांबे विरघळते आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल स्वस्तात मिळाला म्हणून वापरणारा माणूस कारागीर नव्हे. मयूर विहारसारख्या वस्तीत, जिथे वरच्या घरांना बाहेर पडायला जिना एकच, तिथे फ्लॅटमध्ये पॅक उघडणे किंवा रात्रभर भरायला लावणे मला मुळीच मान्य नाही. पण आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच, की जागा आणि मोजमाप चुकीचे असेल तर काम घातक होते. मापक, फ्यूज, योग्य बीएमएस, मोकळी तळमजल्याची जागा आणि चाचणीची नोंद असेल तर तेच काम एखाद्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाइतके सांभाळता येते. बंदीने दुरुस्ती थांबत नाही, ती दिसेनाशी होते.

दुसरा आक्षेप असा, की जुनी बॅटरी सरळ पुनर्चक्रणाला द्यावी. द्यावीच, पण शेवटी. बारा गट चांगले असलेला पॅक दळून त्यातले कोबाल्ट आणि निकेल काढणे म्हणजे एक फळी किडली म्हणून कपाटच चुलीत घालणे. शिवाय भंगाराची वाट नेहमी सुरक्षित असतेच असे नाही. दिल्लीच्याच मायापुरीत २०१० मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेल्या एका यंत्रातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती पडला आणि एकाचा जीव गेला. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. बॅटरीचा धोका त्याहून फार लहान आहे, पण कारण त्याच जातीचे: ज्याला वस्तू उघडावी लागते, त्याला तिची माहिती मिळत नाही.

२०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम पुनर्चक्रणासोबत नूतनीकरणालाही मान्यता देतात, पण ते करणाऱ्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी अशी अपेक्षा ठेवतात. दोन टेबलांच्या दुकानाला ती पायरी उंच पडते. त्याच वर्षी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. या दोन गोष्टी एकत्र आणायला हव्यात. उत्पादकाने सेलांची मांडणी, रसायन आणि बीएमएसचे कोड उघड करावेत. आयटीआयमध्ये मोटर रिवाइंडिंगच्या जोडीला बॅटरीची चाचणी शिकवावी. छोट्या दुकानाला झेपेल अशी नोंदणी आणि अग्निशमनाची तपासणी असावी. आणि ज्यांच्या घरी थकलेली बॅटरी पडून आहे त्यांना एवढीच विनंती: ती फुगली असेल, ठेचली असेल किंवा भिजली असेल तर कुणी कितीही स्वस्तात दुरुस्त करून देतो म्हणाला तरी देऊ नका, अधिकृत संकलन केंद्रात जमा करा. नुसता पल्ला घटला असेल तर भंगारात घालण्याआधी तिचा प्रत्येक गट मोजून घ्या, आणि मोजलेले आकडे कारागिराकडून कागदावर मागा.