नाट्यपदाच्या लयीची कुळकथा

नाट्यसंगीताच्या स्पर्धेत एक शेरा हमखास ऐकू येतो : ‘पद मूळ लयीत हवं होतं.’ ही मूळ लय कुणी ठरवली, असं विचारलं की बोट जुन्या तबकडीकडे वळतं. तबकडीतला गळा अस्सल असतो, यात वाद नाही. लयीचं मात्र तसं सांगता येत नाही. तिच्या कुळात रंगमंच आणि बैठक आहे, तसं यंत्रही आहे.

या कुळाचा उगम सांगलीत. १८४३ मध्ये पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार गाई आणि पात्रं आपली भाषणं ऐन वेळी जुळवीत. गाण्याचं काम कथा पुढे नेण्याचं, म्हणून लय कथेच्या पायाने चाले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रं स्वतः गाऊ लागली. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली अशा ओळखीच्या वाटांनी पदांचा नुसता पाऊस पडला. इतकी पदं एका रात्रीत बसवायची तर एकेकाला फार रेंगाळून चालत नसे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’ (१८९९) लिहिलं, त्यातली पदं तर बोलण्याला इतकी लागून आहेत, की लय फार ओढली तर संवादच तुटावा.

पुढचं वळण मिरजेचं. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीच्या शकुंतलेच्या रूपात तिथे प्रथम उभे राहिले. ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशींवर चाली बांधल्या. पदांची संख्या घटली, एकेका पदाचा विस्तार वाढला. ध्वनिक्षेपक नव्हता, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर त्याला लयीत ऐसपैस जागा लागे. त्यातच ‘वन्समोअर’. तेच पद पुन्हा गाताना नवी जागा, नवी तान. त्यामुळे पद किती वेळ चालेल हे त्या रात्रीचे श्रोते ठरवीत.

मग आली तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. मुखडा, अंतरा, दोन-चार ताना आणि परत सम, एवढं सगळं त्यात बसवायचं. उपाय दोनच : विस्तार छाटा किंवा लय चढवा. गायकांनी दोन्ही केले. १९२५ च्या सुमारास विजेचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि तबल्याचा बायां जेमतेम उमटे. ठेक्याचं वजनच हरवलं, की तीच लय हलकी आणि घाईची भासते.

शिवाय तबकडी फिरण्याचा वेगही सुरुवातीच्या काळात सगळीकडे एक नव्हता. ७४ फेऱ्यांना कापलेली तबकडी ७८ वर लावली, की काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी दोनला चढतं आणि लय पाच टक्क्यांनी वाढते. ऐकणारा म्हणतो, काय चपळ गळा!

मिरज आणि सांगली यांच्यात अंतर थोडं, पण लयीच्या दोन टोकांची उदाहरणं तिथेच सापडतात. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. सुरावर थांबणं हा त्यांच्या किराणा गायकीचा प्राण. ज्या विलंबित लयीत एक आवर्तन अर्ध्या मिनिटावर जातं, त्या लयीची जेमतेम सहा आवर्तनं तबकडीत मावतात. त्यामुळे तिथे ऐकू येतो तो ख्यालाचा अर्क; बैठकीतला पसारा त्यावरून मोजता येत नाही. मिरजेतच जन्मलेल्या त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी हाच ठहराव नाट्यपदात आणला. सांगलीत राहिलेल्या दीनानाथ मंगेशकरांची तऱ्हा वेगळी : चढी लय, अंगावर येणाऱ्या झपाट्याच्या ताना. तबकडीची घाई त्यांच्या गाण्याला मानवली, ठाय लयीच्या गायकांना ती जाचली. एकाच यंत्राने दोघांना सारखं मोजलं नाही.

युरोपात हाच पेच उलट्या बाजूने पडला. मेल्झेलने १८१५ मध्ये मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८१७ मध्ये बीथोव्हेनने आपल्या आठ सिंफनींच्या लयीचे आकडे छापले. तिसऱ्या सिंफनीच्या पहिल्या भागात तीन मात्रांची आवर्तनं मिनिटाला साठ पडावीत, इतकं ते नेमकं. तरी विसाव्या शतकात क्लेम्पररसारखे संचालक ती पुष्कळ संथ वाजवीत. १९८०च्या दशकात हॉगवूड आणि नॉरिंग्टन या संचालकांनी आकडे गंभीरपणे घेतले, पण नुसते आकडे नव्हे. आतड्याच्या तारांची व्हायोलिनं, जुन्या घडणीची वाद्यं आणि लहान ताफाही परत आणला. असा नाद लवकर विरतो, स्वर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून द्रुत लयही स्पष्ट ऐकू येते. लय वाद्यापासून आणि दालनापासून सुटी काढता येत नाही, हे त्यांनी वाजवून दाखवलं.

त्यांच्याकडे आकडा होता, आवाज नव्हता. आपल्याकडे आवाज आहे, आकडा नाही. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी मात्रेच्या अंशांनाही खुणा देणारी स्वरलिपी घडवली. ती स्वर किती मात्रांचा ते सांगते. मात्रा किती सेकंदांची, हे गुरूच्या हातातल्या टाळीवर राहिलं.

तेव्हा मूळ लयीचा आग्रह धरणाऱ्याने आधी मूळ कोणतं ते सांगावं. ‘शारदे’चं पद असेल तर बोलण्याची गती तपासावी, ‘स्वयंवरा’चं असेल तर त्यामागची बंदिश बैठकीत कोणत्या लयीत गातात ते पाहावं. तबकडीकडून गळ्याची फिरत, शब्दांची फेक आणि जागा जरूर घ्याव्यात, पण तिच्या घड्याळाला गुरू करू नये. ज्या गायकाला तीन मिनिटांची अट नाही, त्याने ती अट परंपरा म्हणून पाळण्याचं काहीच कारण नाही.