गुराखी, कुरण आणि शाळा : कोसबाडच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहताना

मराठीत ‘राखणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. शेत राखले जाते, रान राखले जाते, अब्रू राखली जाते आणि दिलेला शब्दही राखला जातो. गुरे राखणारा तो गुराखी. ‘पर्यावरण-संवर्धन’ हा जोडशब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. परंतु ज्या कृतीचा तो निर्देश करतो त्या कृतीला ‘राखण’ हे नाव फार पूर्वीपासून होते. राखण करणारा माणूस बहुधा निरक्षर होता आणि संवर्धनाचा धडा लिहिणारा साक्षर, म्हणून या दोन शब्दांची आपल्या शिक्षणव्यवहारात सहसा ओळख झाली नाही. ती एकदा झाली, डहाणू तालुक्यात. शाळा तेथे गुराख्याच्या मागून कुरणात गेली. या प्रसंगाचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र शिल्लक आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रयोगाची पार्श्वभूमी थोडी मागे जाऊन पाहावी लागते. १९२४ साली रवीन्द्रनाथांनी ग्रामीण मुलांसाठी ‘शिक्षासत्र’ ही शाळा सुरू केली. १९२८ पासून शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा आणि श्रीनिकेतनात हलकर्षणाचा उत्सव होऊ लागला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस आपला अहवाल सादर केला. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही या योजनेची मुख्य सूत्रे. हस्तोद्योग, सामाजिक परिसर आणि नैसर्गिक परिसर अशी तीन केंद्रे मानून त्यांच्याशी सर्व विषयांचा सांधा जुळवावयाचा होता. या सांध्याला नयी तालीमच्या परिभाषेत ‘समवाय’ असे सुंदर नाव आहे. सूत कातताना गणित, वाफे करताना भूगोल, सफाई करताना आरोग्यशास्त्र, अशी ती कल्पना.

या परिषदेतील मतभेदाकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे या स्वावलंबनाच्या अटीला अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच आक्षेप घेतला होता. हाताने शिकणे आणि हातांकडून काम करवून घेणे यांतील सीमारेषा पुसट असते, ही त्या आक्षेपामागची काळजी. पुढे ठिकठिकाणी मूलोद्योग शाळांकडे खेड्यांतील पालकांनी संशयाने पाहिले. वरच्या वर्गाच्या मुलांना पुस्तक आणि आमच्या मुलांना टकळी, हा भेद त्यांच्या लक्षात आला होता. ज्यांच्या पिढ्या हातांनी राबण्यातच गेल्या त्यांना श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्यात एक विचित्र विसंगती होती. ही विसंगती ध्यानात ठेवूनच कोसबाडकडे वळले पाहिजे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीचा भारतीय अवतार घडविण्यात त्या दोघांचा वाटा सर्वज्ञात आहे. शहरांतील बालमंदिरे चालवीत असताना ताराबाईंना जाणवू लागले की, ही साधने महाग आहेत आणि ही मुले सुखवस्तू आहेत. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) येथेच त्यांच्या सहकारी झाल्या. बालवैधव्य आलेल्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताईंनी पुढील सगळे आयुष्य या कामाला दिले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या अधिक निकट गेले.

येथे माँटेसरीची लाकडी साधने चालण्यासारखी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि बांबू यांनी घेतली. काटकसर हे याचे एक कारण होते, पण तेवढेच कारण नव्हते. बिया मोजणाऱ्या मुलाला ती बी कोणत्या झाडाची हे आधीच ठाऊक होते. शिक्षिकेला ते ठाऊक नसण्याची शक्यता अधिक. म्हणजे ज्ञानाचा ओघ येथे दुतर्फी झाला. शाळेत मूल अक्षर शिकत होते, आणि शाळा मुलाकडून परिसर शिकत होती.

तरीही मुले शाळेपर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा शाळा त्यांच्यापर्यंत गेली. पाड्यावरच्या एखाद्या घराच्या अंगणात, झाडाखाली बालवाडी भरू लागली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ येथे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो शब्द देशभर नेला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ हाही याच केंद्राचा प्रयोग. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यावयाची तर ते भावंडही बरोबर येणार, हे वास्तव त्या रचनेने मान्य केले. सहा-सात वर्षांपुढची मुले गुरांमागे जात. त्यांच्यासाठी निघाली ती ‘कुरणशाळा’. गुरे चरत असताना शिक्षकाने कुरणात जावयाचे आणि तेथील झाडे, दगड, पाने, पक्षी यांच्या आधारे शिकवावयाचे.

परिसर-शिक्षणाच्या इतिहासात कुरणशाळेचे महत्त्व असे की, येथे परिसर हा मुद्दाम दाखवायला नेण्याचा पदार्थ नव्हता. क्षेत्रभेटीला गेलेले मूल रानात पाहुणे असते. गुराखी मूल रानात कामावर असते. कोणत्या ओहोळाला कोठवर पाणी टिकते, कोणत्या पाल्याने जनावर आजारी पडते, परक्याच्या पिकात गुरू शिरले तर काय ओढवते, हे त्याला परीक्षेसाठी ठाऊक असावे लागत नाही. चुकले तर संध्याकाळी घरी त्याची किंमत मोजावी लागते. ज्ञान आणि जबाबदारी यांची ही सांगड कोणत्याही अभ्यासक्रमाने निर्माण केलेली नव्हती. कुरणशाळेचे श्रेय असे की तिने ती सांगड तोडली नाही.

मात्र एवढ्यावर थांबलो तर आपण एका सुखद चित्रापाशी थांबू. ‘कुरण’ हा शब्द त्या पट्ट्यात निरागस नव्हता. ज्या वर्षाच्या अखेरीस बोर्डीचे केंद्र सुरू झाले, त्याच १९४५ साली, त्याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारल्यांचा उठाव झाला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. वारल्यांच्या जमिनी पूर्वीच सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. वेठबिगारीची नोंद डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही होती. पावसाळा सरताच गवतकापणीचा हंगाम आला आणि वारल्यांनी संप पुकारला. मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

म्हणजे त्या वर्षी कुरणात दोन गोष्टी घडत होत्या असे म्हणता येईल. एका बाजूला गवत कोणाचे आणि कापणाऱ्याच्या हाताचे मोल किती हा प्रश्न रक्त सांडून विचारला जात होता. दुसऱ्या बाजूला, अवघ्या अडीच महिन्यांत, त्याच मुलखात मुलांच्या शिक्षणाचे असे काम उभे राहत होते, जे पुढे त्याच कष्टकऱ्यांच्या मुलांपर्यंत गवतात जाऊन पोहोचणार होते. पहिला प्रवाह साम्यवादी, दुसरा गांधीविचार आणि बालशिक्षण यांच्या संगमातून आलेला. मराठी वाचकाला हे दोन्ही प्रवाह दोन स्त्रियांच्या पुस्तकांतून भेटतात : गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताई वाघांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. पहिले आपण चळवळीचे साहित्य म्हणून शिकवितो, दुसरे शिक्षकांना भेट म्हणून देतो. दोन्ही एका शेजारी एक ठेवून वाचण्याचा प्रघात मात्र आपल्या वर्गांत नाही.

ते तसे वाचले तर ‘राखण’ या शब्दाच्या पोटातील ताण स्पष्ट होतो. दुसऱ्याच्या मालकीचे रान, धन्याच्या सोयीने, मोबदल्याविना राखणे याला मराठीत राखण म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात. हात तेच, गवत तेच, कष्टही तेच. हक्क असला की राखण, नसला की वेठ. के. टी. शहांचा वर्ध्यातील आक्षेप आणि वारल्यांचा झरीतील निर्धार येथे एकमेकांस येऊन मिळतात. परिसराची जबाबदारी हातांनी शिकवावी हे खरे, परंतु त्या परिसरावर शिकणाऱ्याचा काही अधिकार आहे की नाही, हा प्रश्न त्या शिक्षणाबाहेर ठेवता येत नाही. कोसबाडने पहिले अर्ध काम केले. उठावाने दुसरे अर्ध पुढे आणले. कोणत्याही एका पक्षाला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. दोघांचे काम एकमेकांवाचून अपुरे राहते, एवढेच सुचवावयाचे आहे.

यानंतरची वाटचाल वाचकांच्या परिचयाची आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मूलोद्योगाच्या जागी ‘कार्यानुभव’ आणला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांब नाव दिले. नाव लांबत गेले आणि वेळापत्रकातील तास आखूड होत गेला. पर्यावरणाचा विषय दुसऱ्या दाराने आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले आणि २००३ साली अंमलबजावणीसाठी पुन्हा बजावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना लागू केलेल्या अनिवार्य अभ्यासक्रमात एकूण ५० तासिका होत्या; त्यांपैकी ५ क्षेत्रकार्यासाठी. आमच्यासारख्या भाषेच्या अध्यापकांपैकी अनेकांच्या वाट्याला हा विषय आला. पन्नासांतील त्या पाच तासिकांचे काय होत असे, हे कोणत्याही महाविद्यालयातील अध्यापक जाणतो : झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळत असत, आणि त्यांतील नदी कोणत्याही गावची असू शके.

येथे न्यायालयाचा हेतू सदोष नव्हता, अभ्यासक्रमही वाईट नव्हता. तथापि या सगळ्या प्रवासात मुलाचा परिसराशी असलेला संबंध बदलला. ‘समवाया’त परिसर हे शिकण्याचे साधन होते, ‘परिसर अभ्यासा’त तो अभ्यासाचा विषय झाला. साधनाशी हात जोडलेले असतात. विषय नुसता डोळ्यांनीही संपविता येतो.

डहाणूपुरते बोलावयाचे तर हा बदल नुसता शैक्षणिक राहिलेला नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे गांधीविचारांचे भाष्यकार दादा धर्माधिकारी यांचे पुत्र. म्हणजे वर्ध्याची परंपरा या मुलखात दुसऱ्यांदा आली, ती न्यायाच्या वेषात. वाढवण येथील बंदराला या प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत निवर्तले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने बंदराला अटींसह संमती दिली, आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली.

बंदर हवे की नको, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. एका तालुक्याची राखण सव्वीस वर्षांहून अधिक काळ एका समितीकडे होती. समिती नकार देते तोवर किनारा राखला जातो, संमती देते तेव्हा राखण संपते. ज्या मुलांचे आजोबा-पणजोबा गुरांमागे जाताना कुरणात अक्षर शिकले असतील, त्या मुलांना या निर्णयातील कागद वाचता यावेत, त्यांतील दाव्यांची पडताळणी आपल्या ओहोळावर आणि आपल्या खाडीवर करता यावी, आणि त्यावर बोलण्याचा आपला अधिकारही ठाऊक असावा, ही शिक्षणाकडून वाजवी अपेक्षा आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे ‘संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन व व्यवस्थापन’ करण्याचा हक्क ग्रामसमाजाला दिला. कायद्याच्या भाषेत का होईना, राखण आणि हक्क तेथे एका वाक्यात आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते अद्याप वेगवेगळ्या विषयांत आहेत : एक परिसरात, दुसरा नागरिकशास्त्रात.

भाषेच्या अध्यापकांनी यात काय करावे, असे विचारले जाईल. आमची सूचना माफक आहे. वर उल्लेखिलेली दोन पुस्तके एका सत्रात, एकाच विद्यार्थ्याने वाचावीत. त्यानंतर त्याने आपल्या गावातील एक गायरान, एक देवराई किंवा एक ओढा निवडून तीन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढाव्यात : त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, आजवर तो कोणी राखला, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे. पहिला प्रश्न भाषेचा, दुसरा श्रमाचा, तिसरा सत्तेचा. या प्रकल्पाची तयार प्रत कोणत्याही दुकानात मिळणार नाही, कारण प्रत्येक गावचे उत्तर निराळे निघेल. आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत, या चर्चेसाठी मात्र तासिका राखून ठेवावी लागेल.