आजी-आजोबांना होडीत चढवताय? हात ओढू नका, आधी भरती बघा

खाडीकाठच्या अनेक गावांना आजही पलीकडे जायचं तर होडी किंवा फेरीबोट हाच जवळचा रस्ता आहे. दवाखाना, बँक, लेकीचं घर, सगळं पलीकडे. तरण्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जेटीवरून होडीत टाकायचं ते एक पाऊल डोंगराएवढं वाटतं. तिथे पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर महिनोन्महिने अंथरूण धरावं लागतं. म्हणून घरच्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

भरतीची वेळ कशी काढायची?

जेटी जागेवर असते, होडी मात्र पाण्याबरोबर वर-खाली होते. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला होडी खूप खाली जाते आणि शेवाळ धरलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. भरतीला होडी जेटीच्या जवळपास बरोबरीला येते.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. दशमी असेल तर साडेसात, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकरा, सकाळी आणि रात्रीही. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत भरती उशिरा पोहोचते. नक्की वेळ तांडेलाला विचारा. डॉक्टरची वेळ शक्यतो त्या बेताने घ्या.

घरून निघताना

पायातून निसटणारी स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. अनवाणी नेऊ नका, जेटीच्या कडेला कालवं असतात, पाय चिरतो. लुगडं, साडी, धोतर घोट्याच्या वर खोचून घ्या. पिशवी दुसऱ्याकडे द्या, दोन्ही हात मोकळे हवेत. लाईफ जॅकेट जेटीवरच घालून पट्टे बांधा.

चढवताना

१. गर्दीच्या आधी चढवा. तांडेलाला आधीच सांगा, "म्हातारं माणूस आहे, घाई करू नका."

२. होडी दोन्ही टोकांना दोराने बांधलेली हवी. नुसती हाताने धरलेली होडी वजन पडताच जेटीपासून सरकते.

३. एक जण होडीत, एक जण जेटीवर मागे. होडीतल्याने पाय फाकवून उभं राहावं. त्याने आजोबांचं मनगट धरायचं, आजोबांनी त्याचं. नुसती बोटं धरली तर सुटतात. काखेत हात घालून उचलू नका.

४. काठी आधी होडीत द्या.

५. लाट होडीला वर आणते, त्या क्षणी "आता" म्हणा आणि पाऊल टाकायला लावा. उडी नाही. पाऊल होडीच्या काठावर न पडता आत, मधोमध पडलं पाहिजे.

६. आत आल्यावर लगेच खाली बसवा.

उंची जास्त असेल तर आजींना जेटीच्या कडेला बसवा. होडी घट्ट बांधलेली आहे ना बघून पाय आत सोडू द्या आणि मग दोघांनी आधार देऊन उतरवा. होडी आणि जेटीच्या फटीत कुणीही हात-पाय घालू नये.

अर्धांगवायू झालेल्यांसाठी

आधार देणाऱ्याने लुळ्या बाजूला उभं राहावं, पण तो हात ओढू नये, खांदा निखळू शकतो. जेटीच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. दिसत कमी असेल तर प्रत्येक पायरी बोलून सांगा.

व्हीलचेअर असेल तर

माणसाला व्हीलचेअरसकट छोट्या होडीत उचलून ठेवू नका. खुर्ची कलंडली की माणूस अडकतो. शक्य असेल तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले, दिघी-आगरदांडा अशा गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने जा. तिथे फळी खाली पडते, खुर्ची ढकलत नेता येते. मात्र गाड्या चढून किंवा उतरून झाल्यावरच न्या. बोटीत खुर्चीचा ब्रेक लावा, पण माणसाला खुर्चीला बांधू नका.

उतरताना

होडी टेकली की सगळे एकदम उठतात, तेव्हाच ती डुलते. आजी-आजोबांना बसूनच ठेवा, गर्दी उतरली की सावकाश उतरवा.

कुणी पाण्यात पडलं तर

आधी ओरडून इंजिन बंद करायला सांगा. होडी जेटीवर आपटू देऊ नका. दोर किंवा रिंग टाका, पोहता येत नसेल तर मागे उडी मारू नका. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर फोनमध्ये आजच सेव्ह करा.

जेटीला कठडा नसेल, पायऱ्या तुटल्या असतील तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका. "मी नाही येत, तुम्ही जा" असं घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, त्यामागे पुष्कळदा त्या एका पावलाची भीती असते. वेळ बघून, दोघांनी नीट धरलं तर तेही पलीकडे जाऊन येईल.