हॉकीचा भक्त आणि आजीच्या म्हणी

पंडित असो वा पामर, आपल्या पक्षाचा खेळ पाहावयास बसला म्हणजे मनुष्य क्षणांत भाविक होतो. एरवीं मांजर आडवें गेल्याच्या शंकेला हंसणारा आमच्याकडील एखादा वकील, क्रिकेटचा सामना ऐन रंगांत आला असतां, 'कोणी जागा सोडूं नका, नाहींतर गडी बाद होईल', असें घरच्यांस दरडावून सांगतो, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. या भाविकपणाचा उपहास करणें सोपें आहे. परंतु तो कोणत्या शब्दांत बोलतो व त्या शब्दांच्या मागें किती पिढ्यांचा अनुभव उभा असतो, हें पाहूं गेल्यास इतिहासाचा एक लहानसा पण जिवंत तुकडा हातीं लागतो. असाच एक तुकडा आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो उत्तर अमेरिकेंतील आहे. खेळ आहे बर्फावरील हॉकीचा आणि शब्द आहेत यिडिश भाषेचे.

हॉकी म्हटली म्हणजे आपणांस ध्यानचंद आठवतात व मोकळें मैदान दिसतें. कॅनडांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचीच. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा गडी, पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूऐवजीं 'पक' नांवाची कठीण रबराची चकती, आणि वीस वीस मिनिटांचे तीन डाव. चकतीची गति एवढी असते कीं प्रेक्षकाची नजर पुष्कळदां मागेंच राहते. ती कोणाच्या काठीला किंवा बुटाला लागून कोठें वळेल याचा नेम नसतो. सबंध वेळ उत्तम खेळलेला संघ अशा एका वळणानें हरतो. ज्या खेळांत दैवाला एवढा वाव, तेथें दैवाला आळवणारेहि पुष्कळ असावेत यांत नवल नाहीं. या खेळांतील सर्वोच्च मान म्हणजे स्टॅन्ले चषक. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं तो १८९२ सालीं देऊं केला आणि १८९३ सालीं तो प्रथम दिला गेला.

आतां भाषेविषयीं. महाराष्ट्राला ज्यू लोक अपरिचित नाहींत. कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांना पूर्वीं 'शनवार तेली' म्हणत, ते मराठीच बोलत आले. यिडिश बोलणारे ज्यू निराळे. पोलंड, लिथुएनिया, युक्रेन, रुमानिया हा त्यांचा प्रदेश. भाषा जर्मन कुळांतील, तींत हिब्रू व स्लाव्ह शब्दांची भर, आणि लिपि हिब्रू. १८८१ पासून १९२४ पर्यंत, छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून, पूर्व युरोपांतील वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आले. कॅनडांतहि पुष्कळ गेले. माँट्रियाल शहरांत तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीं फ्रेंच व इंग्रजी यांच्या खालोखाल यिडिशच ऐकूं येई.

या लोकांची आणि हॉकीची गांठ कशी पडली, याची एक गमतीची हकीकत आहे. १९२६ सालीं न्यूयॉर्कमध्यें 'रेंजर्स' हा संघ उभा राहिला. शहरांत ज्यू व इटालियन वस्ती दाट. तिकिटें तर खपलीं पाहिजेत. तेव्हां संघाच्या प्रसिद्धीचें काम पाहणाऱ्या गृहस्थानें लॉर्न शाबो या फ्रेंच-कॅनेडियन गोलरक्षकाचें 'शाबॉट्स्की' असें नामकरण केलें, आणि ऑलिव्हर रायनिक्का नांवाच्या खेळाडूला 'रॉको' करून इटालियन बनविलें! पुढें खरेखुरे ज्यू खेळाडूहि आले. टोरोंटोंत वाढलेला अॅलेक्स लेविन्स्की १९३२ मध्यें टोरोंटोच्या व १९३८ मध्यें शिकागोच्या चषकविजयी संघांत होता. त्याचा बाप प्रेक्षकांत उभा राहून आपल्या यिडिश वळणाच्या इंग्रजींत 'माइन बॉय!', म्हणजे 'हा माझा मुलगा!', असें ओरडत असे, आणि त्यावरून मुलाचें तेंच टोपणनांव पडलें, असें सांगतात. बापाचा अभिमान योग्यच होता. पण चार लोकांत पोटच्या पोराचें असें कौतुक करणें हें जुन्या यिडिश रीतीला सोडूनच होतें. कारण कौतुक झालें कीं दृष्ट लागते.

अशा घरांतील एक भक्त आपण डोळ्यांसमोर आणूं. त्याचा आजा शिंपीकाम करणारा, आजी पोलंडांतील लहानशा गांवांतून आलेली, आणि स्वतः त्याचा जन्म न्यूयॉर्कचा. सामन्याच्या दिवशीं तो एकच मफलर गळ्यांत घालतो व एकाच खुर्चींत बसतो. मागचा सामना जिंकला त्या दिवशीं अंगांत असलेला सदरा तो धुवूं देत नाहीं. आपला संघ दोन गोलांनीं पुढें आहे, असें कोणी म्हणालें तर तो चटकन् 'किनेहोरा' म्हणतो आणि तीनदां थुंकल्यासारखें करतो. मूळ शब्द 'केन आयन होरे', म्हणजे 'वाईट नजर न लागो'. अमेरिकेंत पिढ्यांच्या वापरानें तो झिजून एका शब्दाएवढा झाला. आमच्याकडील आजी मीठमोहऱ्या ओवाळते, तान्ह्या मुलाच्या गालाला काजळाची तीट लावते. त्याच जातीचें हें.

आणखी एक साम्य पाहण्यासारखें आहे. 'आज आपण जिंकणार' असें पाहुणा म्हणाला तर आजी उत्तर देते, 'फुन दायन मॉयल इन गॉट्स ओयर', म्हणजे तुझ्या तोंडांतून निघून देवाच्या कानांत जावो. आपण अशा वेळीं 'तुझ्या तोंडांत साखर पडो' म्हणतों. आपल्या म्हणींत शुभ बोलणाराला बक्षीस आहे. यिडिश म्हणीला चिंता आहे ती निरोप वरपर्यंत पोंचेल कीं नाहीं याची. मग सामना हरला आणि नातू 'चकती खांबाला लागली नसती तर' असें हळहळूं लागला, म्हणजे आजी म्हणते, 'आजीला चाकें असतीं तर ती गाडी झाली असती.' आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलें असतें, ही आपली म्हण तिची सख्खी बहीणच शोभते. आणि सगळ्यांच्या शेवटीं, 'मेन्च त्राख्त, उन गॉट लाख्त': माणूस बेत करतो आणि देव हंसतो.

ही भाविकता एका घरापुरती किंवा एका जमातीपुरती होती, असें मात्र कोणीं समजूं नये. डेट्रॉइट येथें १५ एप्रिल १९५२ रोजीं मासळीचा धंदा करणाऱ्या दोघां भावांनीं आठ हातांचा एक ऑक्टोपस बर्फावर फेंकला. चषकासाठीं त्या काळीं आठच विजय लागत, म्हणून हा शकुन. त्या वर्षीं डेट्रॉइटनें आठाचे आठ सामने जिंकले, आणि ऑक्टोपस फेंकण्याची प्रथा पडली. पर व खवले नसलेला जलचर ज्यूंच्या धर्मशास्त्रांत अभक्ष्य असल्यामुळें, तो पानांत न पडतां बर्फावर पडला याला आमच्या कल्पनेंतील आजीचीहि हरकत नसावी. १९८० नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कच्याच 'आयलंडर्स' संघांतील खेळाडूंनीं अंतिम स्पर्धा संपेपर्यंत दाढी न करण्याची चाल पाडली. शिकागोच्या संघाला तर काढून टाकलेल्या एका शिक्षकाचा शाप आहे, अशी कथा वर्षानुवर्षें चालली. ती आपणच १९४३ सालीं रचली असल्याचें एका पत्रकारानें पुढें कबूल केलें. परंतु कथेचा कर्ता सांपडला म्हणून ती मानणारांची संख्या कमी होत नाहीं.

या सर्वांत मोठी कथा न्यूयॉर्कची. १३ एप्रिल १९४० रोजीं रेंजर्सनीं टोरोंटोचा पराभव करून चषक मिळविला. पुढच्या हंगामांत त्यांच्या क्रीडागृहाचें तीस लाख डॉलरांचें कर्ज फिटलें, तेव्हां चालकांनीं आनंदाच्या भरांत तें गहाणखत चषकांत घालून जाळलें. देवाच्या भांड्यांत कागद जाळावेत तसें हें झालें, आणि त्यामुळें चषक रुसला, असें भक्त म्हणूं लागले. दुसरे म्हणत, हा रेड डटन यांचा शाप. त्यांचा 'अमेरिकन्स' हा न्यूयॉर्कचा दुसरा संघ १९४२ सालीं मोडला, आणि आपण जिवंत असेपर्यंत रेंजर्सना चषक मिळणार नाहीं असें ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. डटन १९८७ सालीं वारले. चषक त्यानंतरहि सात वर्षें आला नाहीं. आयलंडर्सनीं १९८० पासून ओळीनें चार वर्षें तो जिंकला, आणि त्यांचे पाठीराखे रेंजर्सना पाहून 'एकोणीसशें चाळीस!' असा घोष करूं लागले.

आमच्या भक्तालाहि तो घोष ऐकावा लागला असेल. परंतु यिडिश बोलणाऱ्या घरांत १९४० या आंकड्याला दुसराहि एक अर्थ होता. रेंजर्सनीं चषक उंचावला त्याच महिन्याच्या ३० तारखेस, पोलंडांतील लोड्झ शहरांत, नाझी अंमलदारांनीं ज्यूंना कोंडलेली वस्ती कुंपण घालून बंद केली. पुढील पांच वर्षांत युरोपांतील सुमारें साठ लाख ज्यू मारले गेले, आणि त्यांतील बहुसंख्यांची भाषा यिडिश होती. आजीचें गांव आणि त्या गांवची बोली एकदमच गेलीं. अमेरिकेंत तर मुलें इंग्रजी शाळांत जाऊन यिडिश विसरत होतींच. ब्रूकलिन व माँट्रियाल येथील हासिदी वस्त्यांतून ती भाषा आजहि नांदते. इतर बहुतेक घरांत मात्र तिच्या दहा-वीस म्हणीच काय त्या उरल्या.

उरल्या त्या कोणत्या, हें पाहण्यासारखें आहे. बाजारहाटाचे आणि शाळेचे शब्द गेले, कारण त्यांची जागा इंग्रजीनें घेतली. भीति आणि आशा एकाच वेळीं बोलून दाखविणारे शब्द राहिले. त्यांना इंग्रजींत जोड मिळाली नाहीं. खेळांतला पराभव आणि ती आपत्ति एका तराजूंत घालण्याचा अविचार आम्ही करणार नाहीं. पण ज्या शब्दानें पणजी तापानें फणफणलेल्या मुलाला जपत होती, त्याच शब्दानें पणतू एका रबरी चकतीला जपतो, यांत आम्हांस शब्दाची विटंबना दिसत नाहीं. हिंवाळ्याच्या रात्रीं ज्याला हॉकीपलीकडे भिण्यासारखें कांहीं नाहीं, असा वंशज आपणांस व्हावा, हेंच तर त्या पणजीनें देवाकडे मागितलें असेल.

१४ जून १९९४ रोजीं रेंजर्स व व्हँकूव्हर यांच्यांतील सातवा व शेवटचा सामना न्यूयॉर्कमध्यें झाला. रेंजर्स ३-२ असे पुढें होते आणि घड्याळांत १.६ सेकंद उरले असतां चकती पुन्हां एकदां खेळांत टाकण्यांत आली. त्या क्षणीं आमच्या भक्तानें 'जिंकलों' हा शब्द खचितच उच्चारला नसेल. मग घंटा झाली, कर्णधार मेसिए यानें चोपन्न वर्षांनंतर चषक उचलला, आणि प्रेक्षकांत एकानें फलक धरला: 'आतां मी सुखानें मरेन'. कित्येकांचे आजे तसे न मरतां आधींच गेले होते. त्यांच्यासाठीं आणि आपल्यासाठीं अशा दोन्ही वांट्यांचें त्या रात्रीं नातवांनीं रडून घेतलें असेल.

दुसऱ्या दिवसापासून भक्त नव्या हंगामाची वाट पाहूं लागला. विजेत्यांचा हंगाम! मफलर धुवून, घडी घालून ठेवला. आणि मालक व खेळाडू यांचा तंटा होऊन ऑक्टोबरांत सुरू व्हावयाचा खेळ जानेवारी १९९५ पर्यंत सुरूच झाला नाहीं. अशा वेळीं काय म्हणावयाचें, हें आजीनें त्याला पूर्वींच शिकवून ठेवलें होतें.