मुंबईची वाट दौंड जंक्शनवरून



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा "आपल्या भागाचा इतिहास तेवढा लिहा" असे काम आमच्याकडे आले. आम्हाला वाटलं, सोपं आहे. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके, घोडनदी, भीमा, कोरेगावचा रणस्तंभ, झालं. पण लिहायला बसलो तर दर चार ओळींनी मुंबई मध्ये यायला लागली. समुद्र आपल्यापासून दूर, घाटाच्या पलीकडे. तरी आपल्या वस्तीत असं घर क्वचितच सापडेल, की ज्यातलं कोणी मुंबईला गेलं नाही. म्हणून हा लेख शिरूर-दौंडचा आहे, आणि तितकाच मुंबईचाही आहे.

सुरुवात शिरूरपासूनच करू. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात, म्हणजे १८००च्या सुमारास आणि पुढे, शिरूर ऊर्फ घोडनदी ही इंग्रजांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली. तिच्यातली पायदळ पलटण होती मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. पाचशेच्या आसपास पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी ती भीमेकाठी कोरेगावला पोचली. समोर पेशव्यांची फौज. दिवसभर अन्नपाण्यावाचून लढाई झाली आणि नंतर तुकडी परत शिरूरलाच आली. कोरेगाव हे आपल्या शिरूर तालुक्यात आहे, तर स्तंभ नदीच्या पलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, हवेली तालुक्यात आहे. स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ज्यांच्या शेवटी 'नाक' आहे अशी बावीस नावे महार शिपायांची मानली जातात.

हे आपण दर १ जानेवारीला ऐकतोच. पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ती पलटण 'मुंबईची' म्हणवली जायची. म्हणजे मुंबईच्या नावाने पगार घेणारी आपली माणसं रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी शिरूरच्या छावणीत राहत होती. आपलं आणि मुंबईचं नातं तेव्हापासूनचं आहे.

पुढे इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बळावर लढाया जिंकल्या त्यांनाच दार लावून घेतलं. त्याविरुद्ध पहिली दाद कोकणातून गोपाळबाबा वलंगकरांनी मागितली. ते स्वतः पेन्शनर शिपाई. इकडे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या शेजारच्या सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवून सरकारकडे अर्ज पाठवला. सरकारने त्याला दाद दिली नाही. पण अर्ज लिहायचा, सही करायची, अंगठा उठवायचा, आपला हक्क कागदावर मागायचा, हे शिक्षण त्यातून मिळालं. याच कांबळ्यांच्या पुढाकाराने १ जानेवारी १९२७ रोजी रणस्तंभापाशी सभा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून तिथे आले.

आता दौंडकडे वळू. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली. १८५८ साली पुण्याच्या पुढे दिकसळपर्यंत रूळ पोचले आणि दौंड त्या रस्त्यावर आलं. इंग्रज त्याला 'धोंड' म्हणत. बोर घाट १८६३ साली फुटला आणि दौंडहून बसलेला माणूस थेट मुंबईला उतरू लागला. मग १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाच्या काळात दौंड-मनमाड लोहमार्गावर पोटासाठी आलेल्या माणसांनी माती उचलली, खडी फोडली. सुमारे १४५ मैलांचा तो मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंडचं जंक्शन झालं. भीमेवरचा पूल ओलांडून गाडी नगरकडे जाते, तेव्हा त्या भरावाच्या मातीत कोणाचा घाम आहे हे मुलांना जरूर सांगावं.

रूळ टाकायला आपली माणसं चालली. ठोकायला, उचलायला, उन्हापावसात लाईन सांभाळायला चालली. पण पुढे काय? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिथे बाबासाहेबांनी हे दुखणं उघडं केलं. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला साधा पोर्टर करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि अस्पृश्य घरात कसा घ्यायचा! रूळ चालतो, हात चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. दौंडला रेल्वेत ज्यांनी जन्म घालवला त्यांच्या घरात ही गोष्ट पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

जे शिरूरकडचे, त्यांच्या तालुक्यात रेल्वे नाही. कोणी न्हावरे-चौफुला करत केडगाव स्टेशन गाठी, कोणी पुण्याला जाई. पण शेवट सगळ्यांचा एकच, मुंबई. गावात काय होतं? येसकरकी, मेलेली ढोरं, सरकारी टपाल घेऊन गावोगाव पळायचं, आणि बदल्यात बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. पण कनिष्ठ गावकामगारांची वतनं प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. मधल्या तीस वर्षांत ज्याला जमलं त्याने गाडी पकडली.

मुंबईत तरी सुख होतं का? गिरणीत काम मिळालं, पण विणाईच्या साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, आणि इतर कामगार म्हणत विटाळ होतो. पगार जास्त त्याच खात्यात. राहायला परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या चाळी. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची एक खोली, आणि त्यात गावाकडून येईल तो पाहुणा. भाऊ आला, मेहुणा आला, गावकीतला कोणी आला, तरी चटई अंथरली जायची.

पण त्याच वस्तीत दुसरी एक गोष्ट घडत होती. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहत. जवळच दामोदर हॉल. तिथे ९ मार्च १९२४ रोजी सभा होऊन त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. 'मूकनायक' १९२० साली, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली, 'जनता' १९३० साली, ही सगळी पत्रं मुंबईची. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह बिलाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. हे सारं चाळीतल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं आणि सुट्टीला गावी येताना ट्रंकेत घालून आणलं. साडी-चोळी, गोडीशेव, आणि घडी घातलेला 'जनता'चा अंक. एक वाचायचा, दहा ऐकायचे. आपल्या वस्तीत चळवळ अशी आली. ती कोणी मोटारीतून आणून दिली नाही.

नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मुंबईचा सोहळा १६ डिसेंबरला ठरला होता. पण ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर, त्यांच्या चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून अफाट जनसमुदायाने दीक्षा घेतली. तेव्हापासून दौंडच्या फलाटावर ५ डिसेंबरची रात्र निराळीच असते. पांढरी लुगडी, भाकरीची फडकी, कडेवर लेकरं. आमच्या वस्तीतल्या एका आजींना आम्ही विचारलं, "आजी, मुंबईत तुम्ही काय काय पाहिलं?" त्या म्हणाल्या, "दादर ठेसन अन् समिंदर. बाकी मुंबई मला काय करायची?"

मग १८ जानेवारी १९८२ आला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बरेचसे पुन्हा कामावर चढलेच नाहीत. कितीतरी कुटुंबं गावी परतली. ज्या माणसाने तीस वर्षं मुंबईत काढली त्याला गावात घर नव्हतं, जमीन नव्हती, आणि मुंबईत खोली राहिली नव्हती. पुढे रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी झाली. नातवंडं तिथे लागली, बरीचशी ठेकेदाराकडे. आजोबांना साचेखात्याचं दार बंद होतं. नातवाला कायम ऑर्डरचं दार उघडत नाही. कारण वेगळं असेल, पण दाराबाहेर उभं राहणं तेच.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर झाले आणि बीडीडी चाळीही पाडल्या जात आहेत. मुंबई आपला पुरावा पुसते आहे. आपल्या घरातला पुरावा मात्र आपणच पुसतो आहोत. दिवाळीच्या साफसफाईत जुनी ट्रंक भंगारात जाते, आणि तिच्याबरोबर गिरणीचा बिल्ला, रेल्वेचा पास, चाळीची भाडेपावती, सभेतला फोटोही जातो. कोरेगावच्या बावीस जणांची नावं दगडावर होती म्हणून राहिली. आपल्या आजा-पणज्यांची नावं कुठे आहेत?

म्हणून आमची एक विनंती आहे. विहारात एक कोरी वही ठेवली आहे. प्रत्येक घराने एक पान लिहावं. आपल्या घरातून मुंबईला पहिलं कोण गेलं, कोणत्या साली, कोणतं काम केलं, कोणत्या चाळीत राहिलं, आणि परत येताना काय आणलं. शुद्धलेखनाची काळजी नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मुलांनी लिहून घ्यावं. म्हातारी माणसं आहेत तोवर हे करून घ्या. पुढच्या वर्धापनदिनाला ही वही भरलेली दिसली, तर आपल्या भागाचा खरा इतिहास त्या दिवशी लिहिला गेला असं आम्ही समजू.

नमो बुद्धाय. जयभीम.