गांजाची शेती : जमीन, खत आणि महसूल

ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्यात नाशिकलगतचा अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) गांजाच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र होता. या पिकाची शेती कशी होत असे, हे समजण्याचे महत्त्वाचे साधन म्हणजे १८९३-९४ चा भारतीय हेम्प ड्रग्ज आयोग होय. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदविल्या. जमीन, खत व मशागत यांचीही त्याने चौकशी केली.

बंगालमधील नौगाव येथे पाण्याचा निचरा होणारी हलकी पोयट्याची जमीन निवडली जाई. तिला शेणखत व पेंड देऊन सऱ्या-वरंब्यांवर रोपे लावीत. नर झाडे जाणकार माणसाकडून वेळीच उपटली जात. कारण बीजधारणा झाल्यास मादी फुलोऱ्यातील राळ घटते. म्हणजेच उत्तम जमीन व भरपूर खत असूनही या एका कामात हयगय झाल्यास पीक हलके ठरे.

शासनाचे लक्ष मात्र महसुलाकडे होते. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने या व्यवहारावर नियंत्रण आले. आयोगानेही संपूर्ण बंदीऐवजी परवाना व कर यांचीच शिफारस केली. पुढे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची लागवड दंडनीय ठरली. परिणामी शेतकऱ्याचे हे ज्ञान त्याच्या शेतात न उरता, करआकारणीसाठी तयार झालेल्या सरकारी दप्तरातच प्रामुख्याने शिल्लक राहिले. ते दप्तर कृषि-इतिहासाचे साधन म्हणून वाचताना हा मूळ हेतू ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.